आधी सरावपेटीवर हात बसू द्या

महोदय,

मी शस्त्रक्रियागृहात परिचारिका आहे. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करताना हात डावीकडे नेला की आत अवजाराचे टोक उजवीकडे जाते. खोलीचा अंदाज सपाट पडद्यावरून घ्यावा लागतो. टाका घालताना शिकाऊ डॉक्टरच्या चिमट्यातून सुई पुन्हा पुन्हा निसटते, हे मी जवळून पाहते. हा सराव रुग्णाच्या पोटात कशाला? येल विद्यापीठाच्या २००२ मधील अभ्यासात सिम्युलेटरवर, म्हणजे शस्त्रक्रियेचा आभासी सराव देणाऱ्या यंत्रावर, तयार झालेल्या निवासी डॉक्टरांनी पित्ताशय यकृतापासून इतरांपेक्षा २९ टक्के लवकर सोडवले, चुकाही कितीतरी कमी केल्या. कॅमेरा लावलेल्या साध्या पेटीत हीच अवजारे चालवून सराव केला तरी हात बसतो. पेटीवरची परीक्षा उत्तीर्ण झाल्याशिवाय रुग्णावर अवजार चालवू देऊ नये, असा नियम प्रत्येक शिक्षण-रुग्णालयाने करावा.

— एक परिचारिका