नेटला शिव्या देण्याआधी रेकॉर्डिंग कुठून होतंय ते बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

व्याख्यानमालांच्या लाइव्ह प्रक्षेपणाबद्दल एका ज्येष्ठ वाचकांचं पत्र आपल्या पेपरात वाचलं. घरून भाषण ऐकताना आवाज मध्ये मध्ये तुटत होता, तेवढं त्यांनी चालवून घेतलं, पण दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग लावलं तर तिथेही नेमक्या त्याच जागी वाक्यं गायब, आणि विचारलं तर आयोजक म्हणाले "नेटचा प्रॉब्लेम होता". काकांनी ते मान्य केलं. मी नसतं केलं. नेट गेलं तर घरी बसलेल्यांना ऐकू येणार नाही हे कबूल, पण वक्ता तर हॉलमध्ये बोलतच होता ना, माइक चालू होता, माइकची वायर ज्या लॅपटॉपला लावलेली तो टेबलावर समोर होता, मग त्या लॅपटॉपातल्या रेकॉर्डिंगचा नेटशी संबंध काय? संबंध इतकाच की रेकॉर्डिंग वेगळं केलंच नव्हतं. जे बाहेर गेलं तेच नंतर डाउनलोड करून संग्रहात ठेवलं, म्हणजे वाटेत जे सांडलं ते कायमचंच सांडलं.

मी पोटापाण्यासाठी प्रोग्रॅम लिहिते आणि आमच्याकडच्या व्याख्यानमालेत साउंडच्या टेबलाशी बसते, त्यामुळे हे दोन्ही बाजूंनी बघितलंय. दादर, पार्ले, मुलुंड, डोंबिवली, कुठेही जा, हल्ली एखादा हुशार कॉलेजचा मुलगा असतोच जो पायथनमध्ये दहावीस ओळी लिहून माइकचा आवाज घेतो, फाइलमध्ये टाकतो आणि सर्व्हरला पाठवतो. घरी ट्राय करताना ते झकास चालतं. हॉलमध्ये भरल्या सभेत मात्र कट् कट् असे आवाज येतात, अर्धे शब्द गिळले जातात, आणि मुलगा बिचारा वायर हलवत बसतो.

वायर बहुतेक वेळा ठीकच असते. होतं काय, की साउंड कार्ड माइकमधून आलेला आवाज सेकंदाला 48,000 वेळा मोजतं (सीडीसाठी हाच आकडा 44,100 होता) आणि ते आकडे गठ्ठ्या गठ्ठ्याने प्रोग्रॅमच्या हातात देतं. गठ्ठा 1,024 आकड्यांचा धरला तर दर 21 मिलिसेकंदांनी एक येणार. कार्ड कोणासाठी थांबत नाही. प्रोग्रॅमने तेवढ्या वेळात गठ्ठा उचलून मोकळं व्हायचं असतं, कारण पुढचा येतोच आहे. आणि आपला मुलगा काय करतो, तर गठ्ठा घेतला की त्याच फंक्शनमध्ये (प्रोग्रॅमच्या त्याच तुकड्यात) फाइलमध्ये लिहितो, तिथेच नेटवर पाठवतो, वर स्क्रीनवर नाचणारा हिरवा मीटरही तिथेच काढतो. नेटने पाव सेकंद जरी दम खाल्ला तरी मागे दहाबारा गठ्ठे येऊन थांबलेले असतात आणि ठेवायला जागा नसली की ते सरळ टाकून दिले जातात. ही फाइलमधली भोकं. म्हणजे काकांच्या आयोजकांनी वेगळी फाइल केली असती तरी अशा प्रोग्रॅमने ती भोकांसकटच झाली असती!

उपाय आपल्या बिल्डिंगमध्येच आहे. महापालिकेचं पाणी त्याच्या टायमाला येतं, तेव्हा ते खालच्या टाकीत पडू द्यायचं, पंप लावून वर कधी चढवायचं आणि कोणी कधी वापरायचं ते नंतरचं. प्रोग्रॅममध्ये या टाकीला रिंग बफर म्हणतात. कार्डाकडून गठ्ठा आला की फक्त बफरमध्ये टाका, बस्स, त्या फंक्शनमध्ये फाइल उघडू नका, लॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) लावून वाट बघत बसू नका, प्रिंटसुद्धा करू नका. मग एक थ्रेड (प्रोग्रॅममधलं स्वतंत्रपणे चालणारं काम) बफरमधून घेऊन डिस्कवर लिहील आणि दुसरा नेटवर पाठवेल, दोघांच्या रांगा वेगळ्या. नेट अडलं आणि त्याची रांग भरली तर त्याच रांगेतला जुना माल फेकायचा, डिस्कच्या रांगेला हात लावायचा नाही. लाइव्ह ऐकणाऱ्याला दोन सेकंद ऐकू येणार नाही, रेकॉर्डिंग अख्खं राहील.

जागेचं कारण तर कोणी सांगूच नये. एका माइकचा 16 बिट (दर मोजणीला दोन बाइट) आवाज म्हणजे सेकंदाला 96,000 बाइट, तासाला 350 एमबीच्या आत, दीड तासाचं भाषण अर्ध्या जीबीच्या आसपास, म्हणजे स्वस्तातल्या पेनड्राइव्हवरही अख्खी व्याख्यानमाला मावेल. बाहेर पाठवताना मात्र हाच आवाज ओपस या कोडेकने (आवाज दाबून लहान करायच्या पद्धतीने) दाबला की 64 केबीपीएसमध्ये (सेकंदाला 64,000 बिट) बोलणं स्वच्छ ऐकू येतं, तासाला 29 एमबी, बारावा हिस्सा. नेटसाठी दाबलेला आणि संग्रहासाठी न दाबलेला, असे दोन आवाज एकाच वेळी निघतात, त्यात निवड करायची वेळच येत नाही. (मुंबईचं रेडिओ केंद्र 23 जुलै 1927 ला सुरू झालं तेव्हा गाणी-भाषणं थेट हवेत जायची, आणि ते साठवून ठेवणं आजच्याइतकं सोपं बिलकूल नव्हतं. आज खिशातल्या पेनड्राइव्हवर काम होतंय आणि तरी आपण ठेवत नाही याला काय म्हणावं.)

फाइलचंही एक सांगते, कारण यात चांगली चांगली रेकॉर्डिंग लोकांनी स्वतःच्या हाताने डिलीट केलेली मला माहितीयेत. वेव्ह फाइलच्या सुरुवातीला साधारण 44 बाइटचं हेडर असतं, त्यात पुढे आवाज किती आहे ते लिहिलेलं असतं, आणि बरेच प्रोग्रॅम हा आकडा अगदी शेवटी, स्टॉप दाबल्यावर भरतात. आता आभारप्रदर्शन चालू असताना कोणीतरी एक्स्टेंशन बोर्डाला पाय लावला, लॅपटॉपची बॅटरी आधीच मेलेली, लॅपटॉप बंद. नंतर फाइल लावली तर प्लेअर म्हणतो शून्य सेकंद. लोक "करप्ट झाली" म्हणून उडवतात. अहो, फाइलची साइज बघा आधी! 400 एमबी दिसतेय म्हणजे भाषण आत आहे, फक्त पाटी कोरी आहे. ऑडॅसिटी फुकट मिळतं, त्यात रॉ डेटा म्हणून इंपोर्ट करा, 48,000, 16 बिट, मोनो असं सांगा, सुरुवातीला हेडरचा एक टिचकीएवढा आवाज येईल, पुढे सगळं भाषण. आणि प्रोग्रॅम स्वतः लिहीत असाल तर हेडर दर काही सेकंदांनी भरत जा किंवा दर दहा मिनिटांनी नवी फाइल चालू करा, म्हणजे दिवसभराच्या संमेलनात दुसरी भानगडही टळेल, कारण तो लांबीचा आकडा 4 जीबीच्या वर जाऊच शकत नाही आणि 24 बिट स्टिरिओमध्ये तुम्ही चार तासांतच तिथे पोचता.

ब्राउझरमधून करणाऱ्यांची वेगळीच गंमत. तिथे मीडिया रेकॉर्डर तयार मिळतो, क्रोममध्ये तो वेबएम प्रकारची फाइल देतो, दर पाच सेकंदांचा तुकडा हातात येतो, तो सर्व्हरला पाठवला की झालं असं वाटतं. पण हेडर फक्त पहिल्या तुकड्यात असतं. जो माणूस सुरुवातीपासून ऐकतोय त्याला ऐकू येतं, जो जेवून नऊ वाजता आला त्याला नुसते मधले तुकडे मिळतात आणि काहीच वाजत नाही, मग तो फोन करून सांगतो की तुमचं लाइव्ह बंद आहे.

आणि गाण्याच्या क्लासवाल्यांनी तर हे कानाला गाठ मारून लक्षात ठेवावं. ब्राउझरला माइक मागितला की तो बहुतेक वेळा न विचारता तीन गोष्टी चालू करतो, एको कॅन्सलेशन (स्पीकरमधून माइकमध्ये परत शिरणारा आवाज काढणं), नॉइज सप्रेशन (मागची घरघर काढणं) आणि ऑटो गेन (आवाज आपोआप लहानमोठा करणं). हे सगळं मीटिंगमध्ये बोलणाऱ्या माणसासाठी बनवलंय. सतत एकसारखा चालणारा आवाज म्हणजे पंखा किंवा एसी, तो काढून टाका, असा त्याचा हिशोब. आता तानपुरा सतत एकसारखाच वाजतो ना! गुरुजी षड्ज लावून बसलेत, तानपुरा छान जुळलाय, आणि पलीकडे पुण्यातल्या शिष्येला तानपुरा येतो-जातो-येतो, गुरुजींनी लांब लावलेला स्वरसुद्धा हळूहळू विरतो. शिष्येला वाटतं गुरुजींचा दम कमी झाला. प्रोग्रॅममध्ये या तिन्ही गोष्टी फॉल्स (म्हणजे बंद) करायला तीन ओळी लागतात, पण त्या स्वतःहून लिहाव्या लागतात, आणि मग कानाला हेडफोन लावायचा, कारण एको कॅन्सलेशन गेल्यावर स्पीकरचा आवाज परत माइकमध्ये शिरणार. भाषणालाही ऑटो गेन वाईटच, वक्ता पाणी प्यायला थांबला की पंख्याची घरघर वर येते आणि पुढचा पहिला शब्द अंगावर येतो.

ब्लूटूथबद्दल थोडक्यात, वापरू नका. गाणी ऐकताना भारी वाटणारे इअरबड्स माइक चालू झाला की साधारणपणे फोनच्या दर्जावर उतरतात, सेकंदाला 16,000 किंवा 8,000च आकडे. 8,000 मध्ये 4,000 हर्ट्झच्या वरचं काहीच येत नाही, आणि आपल्या "स"ची सगळी धार बहुतेक तिथेच वर असते, त्यामुळे कवी वाचतो एक आणि ऐकू येतं भलतंच.

हे सगळं नीट केलं तरी एका बाबतीत माणूसच लागतो. एका कार्यक्रमात (कुठला ते सांगत नाही) चहाच्या सुट्टीत वक्त्यांच्या कॉलरचा माइक तसाच चालू राहिला आणि मानधनाची घासाघीस वीसेक मिनिटं लाइव्ह गेली, कमेंटमध्ये लोक दोन्ही बाजूंना सल्ले देत होते. स्ट्रीम म्यूट करायचं बटण आणि रेकॉर्डिंग थांबवायचं बटण वेगळं हवं, आणि "आवाज बाहेर जातोय" असा लाल ठोकळा एवढा मोठा हवा की टेबलावरून चार खुर्च्या लांब बसलेल्या सेक्रेटरींनाही दिसेल. लक्षात घ्या, ऐकणाऱ्यापर्यंत आवाज वीसेक सेकंद उशिरा पोचतो (लाइव्ह आवाज साधारण सहा सेकंदांच्या तुकड्यांनी जातो आणि ऐकणाऱ्याचा प्लेअर असे तीन साठवून मग वाजवतो), म्हणजे घरून कोणी फोन करून सांगेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

आता माझी मागणी, आणि ती सभागृहवाल्यांकडे आहे. बहुतेक हॉलमध्ये मिक्सर (सगळ्या माइकचे आवाज एकत्र करणारं यंत्र) असतो, त्याला लाइन आउट (तो एकत्र आवाज बाहेर देणारं भोक) असतो, पण ऑपरेटर "ते आम्ही देत नाही" म्हणतो, मग लाइव्हवाला मुलगा स्पीकरसमोर मोबाइल धरून बसतो आणि हॉलमधला प्रत्येक खोकला रेकॉर्ड होतो. दिला तरी लोक तो लॅपटॉपच्या माइकच्या भोकात खुपसतात, तिथे तो इतका जोरात येतो की आवाज वरून छाटला जातो, आणि छाटलेला आवाज नंतर कुठल्याच सॉफ्टवेअरने धड परत आणता येत नाही. मध्ये एक लाइन इनपुट असलेला यूएसबी ऑडिओ इंटरफेस लागतो, मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात चौकशी केली तर मिळतो. मिक्सर आणि लॅपटॉप एकाच बोर्डावर लावा, नाहीतर 50 हर्ट्झची घूंऽऽ ऐकत बसा. तेव्हा हॉलच्या बुकिंग फॉर्मवर जिथे खुर्च्या किती, हार-गुच्छ कुठे ठेवणार, एसी किती वाजता बंद, एवढं सगळं छापलेलं असतं, तिथे "मिक्सरचा लाइन आउट मिळेल, टेबलाजवळ प्लग पॉइंट आहे" ही एक ओळ वाढवा. त्याचे वेगळे पैसे लावायचे असतील तर लावा, आम्ही देऊ.

आपली एक वाचक,
विलेपार्ले (पूर्व), मुंबई