व्हायल फोडायची की नाही

लिलाँग्वे, मलावी, रविवार

तीर्थरूप आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आई म्हणाली, "तू नक्की करतेस काय गं तिकडे? शेजारच्या काकू विचारतात. लसीकरणात आहे म्हटलं, की म्हणतात, म्हणजे तुमच्यासारखीच नर्स?" मी रेंज गेली म्हणून फोन ठेवला. रेंज गेली नव्हती. उत्तर नव्हतं. म्हणून हे पत्र. बाबा, मोठ्याने वाचून दाखवा. ऑपरेशनच्या डोळ्यात थेंब घालणं चालू आहे तोवर आईच्या हाती कागद देऊ नका.

मागच्या बुधवारी तळ्याकाठच्या एका आरोग्य केंद्रात गेले होते. तळं म्हणजे मलावीचं मोठं तळं. त्यात लाटा येतात, मासेमारीच्या होड्या असतात, मला तर ते समुद्रच वाटतं. ओट्यावर बायका बसलेल्या. छापील कापडाचा चितेंजे असतो त्यांचा, त्यात बाळ पाठीला बांधलेलं. हातात हेल्थ पासपोर्ट. नावाला पासपोर्ट, आहे साधी पातळ वही. ताप असो, बाळंतपण असो, सगळं त्यातच लिहायचं.

साडेअकराला एक बाई आली. बाळ 9 महिन्यांचं, गोवर-रुबेलाच्या पहिल्या डोसाचं. त्या डोसाचं त्या दिवशी ते एकटंच. नर्सने वही पाहिली, लसीच्या कॅरियरचं, म्हणजे थंड डब्याचं, झाकण उघडलं, आत पाहिलं आणि परत लावलं. पुढच्या बुधवारी ये म्हणाली, मुलं जमली की देऊ. बाई एक शब्द बोलली नाही. बाळाला सोडवून पाजलं, परत पाठीला बांधलं, गाठ दोनदा ओढून पाहिली आणि निघाली. पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ होती.

आई, तुला काय झालं ते कळलं असेल. बाबांसाठी सांगते. इथली व्हायल, म्हणजे लसीची बाटली, 10 डोसांची. पावडरीत पाणी मिसळलं की 6 तासांत संपवायची, नाहीतर टाकायची. आपल्याकडे 4 तास. उरलेली दुसऱ्या दिवशी वापरली आणि तीत जंतू वाढलेले असले तर मूल दगावू शकतं, म्हणून तिथे सवलत नाही. एका मुलासाठी फोडली तर 9 डोस गेले. डब्ल्यूएचओचं सांगणं असं, की एकच मूल आलं तरी फोडा. पण महिनाअखेर वाया गेलेले डोस रजिस्टरात दाखवावे लागतात. तो आकडा जिल्ह्याला जातो आणि तिथून लिलाँग्वेला, माझ्याकडे.

तर हे माझं काम. माझ्या एक्सेलमध्ये वाया गेलेल्या डोसांचा रकाना आहे. आकडा ठरलेल्या टक्क्यावर गेला की तो तांबडा होतो. तो रंग मीच लावलाय. तांबडं दिसलं की जिल्ह्याला ईमेल: कारण कळवावे. परत पाठवलेल्या मुलांचा रकाना मात्र नाही. जी मुलं कुठे नोंदलीच गेली नाहीत, ती माझ्यापर्यंत येणार कशी?

नर्सला मी विचारलं, का नाही फोडलीस? तिने आधी बाहेर उभ्या आमच्या गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाली, "रिपोर्ट तुम्हालाच जातो ना, मॅडम?"

मला तुझा मेमो आठवला. मी चौथीत असेन. वरच्या वाडीची बाई भर पावसात एकच पोर घेऊन उपकेंद्रावर आली आणि तू व्हायल फोडलीस. वरून खुलासा मागवला. रात्री भाकरी थापून झाल्यावर तू स्टुलावर कागद घेऊन बसलीस आणि ड्युटीवरून आलेले बाबा, खाकी कपडे तसेच, ऱ्हस्व-दीर्घ तपासत होते. "बालक एकच होते व ते पुन्हा येण्याची शाश्वती नव्हती." हे वाक्य मला अजून पाठ आहे. दिवाळीनंतर ती माणसं ऊसतोडीला जायची, मग कसलं लसीकरणाचं सत्र आणि कसली लस द्यायच्या मुलांची ड्यू लिस्ट. आणि तुझी व्हायल 5 डोसांची होती, 4 वाया गेले म्हणून एवढं रामायण.

इथे 5 डोसांची व्हायल आणावी म्हणून मी टिपण लिहितेय. शेजारच्या झांबियात ती वापरून पाहिली, कव्हरेज, म्हणजे लस मिळालेल्या मुलांचं प्रमाण, थोडं वाढलं आणि वाया जाणंही घटलं. पण दर डोसामागे ती महाग पडते, फ्रिजमध्ये जागा जास्त खाते. मीटिंगमध्ये सगळे याच दोन गोष्टींवर अडतात. त्यांचंही चूक नाही. जानेवारी 2025मध्ये अमेरिकेने परदेशी मदत रोखली तेव्हापासून पैशांचं नाव काढलं की खोली गप्प होते. आमच्या मजल्यावरची कितीतरी टेबलं तेव्हा रिकामी झाली. गेले ते बहुतेक इथलेच लोक, मी राहिले. यावर अजून मला धड बोलता येत नाही, पुन्हा कधीतरी.

बाबा, तुमच्यासाठी एक गंमत. कोल्ड रूममध्ये लसीचं खोकं उचललं तर त्यावर हडपसर, पुणे! स्टोअरकीपरला म्हटलं, माझे बाबा या रस्त्याने एसटी न्यायचे. त्याला त्यात काय विशेष ते कळेना.

ते बाळ कुठलं, हे इथल्या एचएसएला ठाऊक होतं. एचएसए म्हणजे आपली आशा आणि गावोगाव फिरणारा आरोग्यसेवक (एमपीडब्ल्यू) एकात, पण सरकारी पगारावर. तो सायकलने जाऊन बुधवारचा निरोप देऊन येणार आहे. व्हायल फोडायला मी नर्सला सांगितलंय, लेखी. तरी तिचा विश्वास बसला असं वाटलं नाही, आणि का बसावा?

आई, त्या खुलाशाची कार्बन कॉपी तू पत्र्याच्या ट्रंकेत ठेवली होतीस, माझ्या प्रगतिपुस्तकांच्या खाली. बाबांना शोधायला सांग. सापडली तर नीट उजेडात फोटो काढून पाठवा, 12 तारखेच्या मीटिंगआधी. इंग्रजी मी करून घेईन.

थेंब चार वेळा घालायचे आहेत, तीन नाही.

तुमची,
धाकटी