‘माफ’ नावाचा रकाना: माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: लहान गावांतील सेवा केंद्रांच्या तुटीबाबत

महोदय,

मी पुण्यात राहणारा निवृत्त बँक कर्मचारी आहे. माझे मूळ गाव भोर तालुक्यात, भाटघर धरणाच्या मागच्या अंगाला आहे. तिथे आमच्या भावकीतली एक सून आपले सरकार सेवा केंद्र चालवते आणि तिचा हिशेब गेली काही वर्षे मी तपासून देतो. तिच्या वहीत जमा आणि खर्च यांच्या शेजारी तिने स्वतःच आखलेला तिसरा रकाना आहे. त्याचे नाव ‘माफ’. (मी नोकरीत असताना असा रकाना आखला असता, तर दुसऱ्याच दिवशी मेमो हातात पडला असता.)

या रकान्यात काय असते, हे एका मंगळवारच्या पानावरून सांगतो. निराधार योजनेचे अनुदान घेणाऱ्या एका आजींचा अंगठा उठला नाही. लावणीच्या कामाने बोटांवरच्या रेषाच राहिलेल्या नाहीत, त्यामुळे हात धुऊन, पुसून, दहाही बोटे लावून पाहण्यात पाऊण तास गेला. काम झाले नाही म्हणून पैसे घेतले नाहीत. कातकरी वस्तीवरची एक बाई मुलाच्या शिष्यवृत्तीचे काय झाले हे विचारायला आली होती. पोर्टल उघडून, ‘त्रुटी’ म्हणजे काय ते समजावून तिला परत पाठवले. चौकशीला दर नाही, म्हणून तेही माफ. दुपारी सर्व्हर बंद पडला आणि नंतर वीज गेली. त्या दिवसाची जमा एका उत्पन्नाच्या दाखल्याची आणि थोड्या झेरॉक्सची.

शासनाने या केंद्रांकडून अपेक्षा ठेवली आहे ती नेमकी ‘माफ’ रकान्यातल्या कामांची, आणि उत्पन्न मात्र जोडले आहे ते अर्जांच्या संख्येशी. केंद्र सरकारने 2006 मध्ये अशा सामायिक सेवा केंद्रांची (सीएससी) योजना मंजूर केली, तेव्हापासून केंद्रचालक हा गावातला उद्योजक मानला गेला आहे. हडपसर किंवा वाघोलीत हे गणित सुटते, कारण तिथे दाखल्यांची रांग बारमाही असते. आमच्याकडे शाळा-कॉलेजच्या प्रवेशांचे जून-जुलै सोडले, तर रांग म्हणून काही नसते. भाडे, इंटरनेटचे रिचार्ज, टोनर आणि इन्व्हर्टरची बॅटरी मात्र बारा महिने असतात.

मध्यंतरी आपण सेवाशुल्क 20 रुपयांवरून 50 रुपये केले. त्यामागचा हेतू मी समजू शकतो, परंतु तुटीचे कारण दर कमी असणे हे नसून गिऱ्हाईक कमी असणे हे आहे. वाढलेल्या दराचा लाभ जिथे गर्दी आहे तिथेच जातो; डोंगरात त्याचा परिणाम एवढाच होतो की मजुरी बुडवून आलेला माणूस दाखला पुढच्या महिन्यावर ढकलतो.

दुसरा अनुभव एक रुपयातील पीकविम्याचा आहे. 2023 च्या खरिपापासून शेतकऱ्याने फक्त एक रुपया भरायचा आणि प्रत्येक अर्जामागे विमा कंपनीने केंद्राला 40 रुपये द्यायचे, अशी व्यवस्था होती. तरीही अनेक ठिकाणी शेतकऱ्यांकडून वर पैसे घेतले गेल्याच्या तक्रारी झाल्या. जिथे ते घडले तिथे कारवाई योग्यच होती. त्याबद्दल माझे दुमत नाही. मात्र सातबारा काढणे, कागद स्कॅन करणे, ओटीपीची वाट पाहणे यांत किती वेळ जातो हे कोणी मोजले होते का, हा प्रश्न कारवाईच्या गोंधळात राहूनच गेला.

केंद्राच्या पाठीशी कोणीतरी लागते, याचे आपल्याच राज्यात जुने उदाहरण आहे. 1998 मध्ये वारणानगरच्या परिसरातील 70 गावांत संगणक केंद्रे सुरू झाली. शेतीविषयक माहिती, बाजारभाव, शिक्षण अशी मोठी स्वप्ने तेव्हा बोलली गेली. प्रत्यक्षात ती केंद्रे उपयोगात राहिली ती मुख्यतः उसाच्या नोंदी आणि तिथल्या साखर कारखान्याशी असलेल्या व्यवहारासाठी. त्यांच्या पाठीशी कारखाना होता. आमच्या खोऱ्यात ना ऊस आहे, ना कारखाना. तिथे ती जागा शासनालाच घ्यावी लागेल.

एसटीने महिलांना निम्म्या तिकिटात न्यायचे ठरले, तेव्हा उरलेले निम्मे भाडे चालक-वाहकांनी खिशातून घालावे असे कोणी म्हटले नाही. सवलतीची प्रतिपूर्ती शासन महामंडळाला करते. लाडकी बहीण योजनेतही महिलांकडून पैसे न घेता प्रत्येक पात्र अर्जामागे 50 रुपये शासनाने देण्याचे ठरले. तेच तत्त्व येथे लावावे. लोकसंख्या आणि तालुक्याच्या ठिकाणापासूनचे अंतर पाहून लहान गावांची यादी करावी आणि तिथे ठरलेल्या वेळेत केंद्र उघडे ठेवल्याबद्दल दरमहा ठराविक रक्कम द्यावी, मग त्या दिवशी एक अर्ज येवो की दहा. अंगठा न उठणे, सर्व्हर बंद असणे अशा कारणांनी अपुरे राहिलेले कामही पोर्टलवर नोंदवता आले पाहिजे. आज ते कुठेच दिसत नाही, त्यामुळे आपल्या अहवालात आमच्या गावचे केंद्र केवळ ‘कमी व्यवहार’ असलेले ठरते आणि अशांना नोटिसा जातात. केंद्र उघडे होते की नाही, याची तपासणी ग्रामसभेकडे द्यावी. गावाला ते बायोमेट्रिक हजेरीपेक्षा नेमके ठाऊक असते.

आपण वेळ दिल्यास ही वही घेऊन आमची सून स्वतः मंत्रालयात येण्यास तयार आहे. त्या दिवशी केंद्राला कुलूप राहील, म्हणून शक्यतो जून-जुलै सोडून बोलवावे, एवढी तिची विनंती आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त बँक कर्मचारी, पुणे