फेरीबोटीतल्या वहिनींना, चोडणहून

वहिनी, नाव घालू नको म्हणालात म्हणून घालत नाही, पण सकाळच्या रायबंदर फेरीतली मंडळी बरोबर ओळखतील.

मी काजू कारखान्यात हिशेब बघतो हे तुम्हाला माहीतच आहे. ८४ कामगार, दर महिन्याला ८४ पगाराच्या चिठ्ठ्या. पायथन ही प्रोग्राम लिहायची भाषा शिकलो ते हे काम सुटावं म्हणून, आणि केलं काय, तर त्याच चार ओळी ८४ वेळा कॉपी-पेस्ट, फक्त नाव आणि आकडा बदलून! वर मोठ्या ऐटीत तुम्हाला मोबाइलवर फोटो दाखवला. तुम्ही हसला नाहीत, त्याचे आभार आधी. नुसतं विचारलंत, चवथीच्या आरतीच्या वहीत दर कडव्याखाली अख्खं 'जय देव जय देव' लिहितोस का? नाही ना, नुसतं 'जय देव' लिहून पुढे जातोस. मग इथे का लिहिलंस? जे बदलत नाही ते एकदाच लिही, बदलतं ते यादीत टाक. फॉर लूप, म्हणजे यादीतल्या प्रत्येकासाठी त्याच ओळी पुन्हा फिरवणं, मला तिथेच, फेरी चोडणच्या धक्क्याला लागायच्या आत कळला, क्लासमध्ये दोन महिने कळला नव्हता.

दुसरा लूप व्हाइल, म्हणजे आपलं जोवर-तोवर, हेही तुमचंच. फक्त मी आकडा एकाने वाढवायची ओळ विसरलो आणि प्रिंटर पहिल्याच कामगाराची चिठ्ठी काढत सुटला, तेव्हा फोनवर तुम्ही शांतपणे 'कंट्रोल धरून सी दाब, आणि आधी प्रिंटरचं बटण बंद कर' म्हणालात, नाहीतर शेठने मलाच बंद केलं असतं.

खरी फजिती पगाराच्या दिवशी. रेंजमध्ये, म्हणजे लूपने कुठून कुठवर मोजायचं ते सांगतात तिथे, १ आणि ८४ घातले, चिठ्ठ्या निघाल्या ८३. शेवटचं नाव नव्यानेच लागलेल्या बायचं, ती काउंटरवर उभी, 'म्हजी चिठी खंय?' मला तोंड वर करवेना. संध्याकाळी तुम्ही सांगितलंत की रेंज शेवटचा आकडा धरतच नाही, ८५ घालायला हवे होते, ८५ वजा १ म्हणजे किती वेळा फिरणार ते सरळ कळतं. डायक्स्ट्रा नावाच्या डच संगणकतज्ज्ञाने १९८२ सालीच हे कारणासकट लिहून ठेवलंय म्हणे. असेल, पण मला त्या बायच्या चेहऱ्यानेच जास्त शिकवलं. आणि मग तुम्हीच म्हणालात, मोजतोस कशाला, सरळ नावांच्या यादीवरूनच लूप फिरव, कोणी सुटायचाच नाही. आता सगळा प्रोग्राम सहा ओळींचा आहे, माणसं वाढली तरी सहाच.

सध्या दर कामगाराची रोजची हजेरी, म्हणजे लूपच्या पोटात लूप, तिथे अडकलोय. ओळीच्या सुरुवातीची स्पेस (कुठली ओळ कुठल्या लूपच्या आत ते पायथन तिच्यावरूनच ठरवतं) कुठेतरी चुकतेय, बेरीज प्रत्येकाची न येता सगळ्यांची एकत्र येते. सोमवारी लॅपटॉप घेऊन येतो, जागा धरून ठेवा.

देव बरें करूं.