अण्णांच्या कानाबद्दल

प्रिय संज्या,

तुझा मेसेज वाचला आणि कानाची नस पुन्हा चालू करणाऱ्या त्या गोळ्यांचा फोटो पण बघितला. दोन ओळीत उत्तर देण्यासारखं नव्हतं म्हणून निवांत लिहितोय. गोळ्या परत पाठव. अण्णांनी इचलकरंजीत उमेदीची सगळी वर्षं यंत्रमागावर काढली, त्या खडखडाटात ज्या पेशी गेल्या त्या गोळीने काय आणि बदामाने काय, परत येत नाहीत. आतल्या कानात आवाज पकडणाऱ्या या पेशी जन्मापासून जेमतेम १५ हजार असतात, माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत रे.

पण म्हणून खाण्याचा संबंधच नाही असंही नाही. उरलेल्या पेशींना रक्त नेणारी धमनी एकच आणि तीही बारीक, ती बंद पडली तर दुसरीकडून रक्त येत नाही. म्हणून शुगर, बीपी वाढलं की कानालाही झळ बसते. पापड-लोणचं कमी कर म्हणून काकू मागे लागतात ते बरोबरच आहे.

मला खरी काळजी वाटते ती बी १२ जीवनसत्त्वाची. अण्णांनी माळ घातल्यापासून मासे-अंडी बंद, त्यात शुगरसाठी इतकी वर्षं मेटफॉर्मिन चालू, आणि त्या गोळीनेही बी १२ कमी होतं. पायाला मुंग्या येतात असं तेच म्हणत होते ना? बी १२ आणि बहिरेपणाचा संबंध काही अभ्यासांत दिसलाय, काहींत नाही, पण नसांना ते लागतंच. दिवाळीत आलो होतो तेव्हा काकू विचारत होत्या आमटी वाढू का, आणि अण्णा वाटी काठोकाठ भरलेली असताना हसून मान हलवत होते, ऐकू आलं नाही हे कुणाला कळू नये म्हणून. फार वाईट वाटलं मला.

फॉलिक ॲसिडचं, म्हणजे त्या दुसऱ्या बी जीवनसत्त्वाचं, विचारलंस. नेदरलँडमध्ये ५० ते ७० वयाच्या ७२८ जणांवर तीन वर्षं प्रयोग झाला, २००७ मध्ये छापून आला. रोज ८०० मायक्रोग्रॅम घेणाऱ्यांचं खालच्या पट्टीतलं ऐकणं जरा हळू कमी झालं, वरच्या पट्टीत काहीच फरक नाही, आणि मागाच्या आवाजाने आधी वरचीच पट्टी जाते. शिवाय तिथे तेव्हा पिठात फॉलिक ॲसिड घालत नव्हते, म्हणून तो फरक सगळीकडे दिसेलच असं नाही. आणि बी १२ न तपासता नुसतं फॉलिक सुरू केलंस तर बी १२ च्या कमतरतेचा ॲनिमिया झाकला जाईल आणि नसांचं नुकसान आतल्या आत चालूच राहील, तेव्हा ते अजिबात नको. त्यापेक्षा मेथी, पालक, हरभऱ्याची भाजी फार न शिजवता, दूध-दही रोज, जवसाची चटणी भाकरीबरोबर, एवढं नेमाने चालू दे.

या आठवड्यात बी १२, हिमोग्लोबिन, थायरॉइड, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) करून घे आणि कानाच्या डॉक्टरकडे ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी कर. कानाचं मशीन लावायला सांगितलं तर खाण्यातून सुधारेल म्हणून लांबवू नकोस. अण्णा चिडतील, माहितीये मला, पुढच्या रविवारी मी येतोय, मीच बोलतो त्यांच्याशी. आणि कधी एका कानाचं ऐकू येणं अचानक गेलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठ, दुसऱ्या दिवसाची वाट बघू नको. रिपोर्ट आले की फोटो टाक.

तुझा,
मन्या