श्वार्ट्झमन घडला कुठे?

संपादक महाशय,
स.न.वि.वि.

अमेरिकेतल्या इंडियानापोलिस ५०० या मोटार शर्यतीत २०२५ मध्ये रॉबर्ट श्वार्ट्झमनने पोल पोझिशन, म्हणजे सुरुवातीची सर्वांत पुढची जागा, पटकावल्याची बातमी आपल्या क्रीडा पानावर वाचली. पात्रता फेरीतल्या चार लॅपची सरासरी ताशी २३२.७९० मैल, म्हणजे पावणेचारशे किलोमीटरच्या घरात. १९८३ मधल्या तेओ फाबीनंतर नवख्या ड्रायव्हरला हा मान पहिल्यांदाच मिळाला. त्याच्या प्रेमा संघाचं 'इंडीकार' या अमेरिकन मालिकेतलं ते पहिलंच वर्ष आणि ओव्हल, म्हणजे लंबगोल, ट्रॅकवरची तर पहिलीच शर्यत. एवढं सगळं बातमीत आलं, पण त्याची ओळख मात्र 'इस्रायलचा श्वार्ट्झमन' या दोन शब्दांत उरकली. तेल अवीवला जन्मलेला हा मुलगा वाढला सेंट पीटर्सबर्गला, आणि त्याला वर आणण्यात 'एसएमपी रेसिंग' या रशियन संस्थेचा मोठा हात होता. हे का सांगायला हवं होतं, ते लिहितो.

रशियन पैसा मोटार रेसिंगमध्ये एसएमपीच्या आधीही होता. २००६ मध्ये मिडलँड संघ रशियन परवान्यावर फॉर्म्युला वनमध्ये उतरला. जुना जॉर्डन संघच विकत घेतलेला. गाडी चालवायला कोण, तर पोर्तुगालचा मोंतेरो आणि नेदरलँड्सचा आल्बर्स. (गंमत म्हणजे हाच संघ पुढे स्पायकरमार्गे विजय मल्ल्यांच्या हाती येऊन 'फोर्स इंडिया' झाला. त्याच्याही गाडीत शर्यतीला कधी भारतीय ड्रायव्हर बसला नाही.) नंतर आला मारुसिया हा दुसरा रशियन संघ. २०१४ मध्ये मोनॅकोला ज्यूल्स बियांचीने नववा येऊन त्यांना दोन गुण मिळवून दिले, आणि वर्ष संपायच्या आत संघाचं दिवाळं वाजलं. त्यांच्याकडूनही एकही रशियन मुलगा शर्यतीत उतरला नाही. परवाना रशियाचा, स्टिअरिंग परक्यांच्या हातात, असाच सगळा कारभार.

एसएमपीने उलटी वाट धरली. २०१३ मध्ये बोरिस रोटेनबर्ग यांनी ही संस्था काढली. नाव त्यांच्याच बँकेचं. रोटेनबर्ग बंधू हे पुतिन यांचे ज्युदोतले जुने सोबती, आणि २०१४ मध्येच अमेरिकेने या दोघांवर आणि बँकेवर निर्बंध घातले. हा पैसा सोवळ्यातला होता असं मी म्हणत नाही. पण तो गेला कुठे, ते बघण्यासारखं आहे. कार्टिंगमधली पोरं हेरायची, त्यांना फॉर्म्युला फोर, मग थ्री, मग टू अशा पायऱ्या चढवायच्या, आणि ज्याला फॉर्म्युला वन जमणार नाही त्याला लांब पल्ल्याच्या शर्यतींकडे वळवायचं. २०१५ पासून त्यांनी रशिया, फिनलंड आणि एस्टोनिया मिळून फॉर्म्युला फोरची स्पर्धाच सुरू केली. तिचे पहिले तीन विजेते पाहा: फिनलंडचा निको कारी, नेदरलँड्सचा रिचर्ड व्हर्सखोर, डेन्मार्कचा ख्रिस्तियन लुंडगार्ड. एकही रशियन नाही! हाच लुंडगार्ड २०२५ मध्ये इंडियानापोलिसला श्वार्ट्झमनबरोबर शर्यतीत होता. मी कोल्हापूरचा असल्याने मला यात नवल वाटलं नाही. शाहू महाराजांच्या आश्रयाला पंजाबचे मल्ल येऊन राहिले, त्यांच्याशी लढून इथली तालीम कसदार झाली. घरच्या पैलवानाला घरच्याच पोरांशी झुंजवून काय हाती लागणार?

फळंही दिसली. सर्गेई सिरोत्किन २०१८ मध्ये विल्यम्सच्या गाडीत बसला. गाडी त्या वर्षीची सर्वांत मागची. मोंझाला मिळालेला एक गुण ही त्याची वर्षभराची कमाई, तीही पुढे आलेला ग्रोजाँ बाद ठरल्यावर हाती आलेली. लोक त्याला 'पैसे भरून आलेला' म्हणाले. त्या गाडीत कुणी काय दिवे लावले असते, हे मात्र कुणी बोललं नाही. २०१९ च्या ल माँमध्ये, म्हणजे फ्रान्समधल्या चोवीस तासांच्या शर्यतीत, रशियाचे पेत्रोव आणि अल्योशिन आणि बेल्जियमचा व्हॅनडोर्न यांनी एसएमपीची बीआर१ दोन टोयोटांच्या मागे तिसरी आणली. डलारा या इटालियन कंपनीच्या मदतीने बांधलेली ही गाडी, तिच्या नावात मालकाची आद्याक्षरं. दुसरी बीआर१ रात्रीच्या अंधारात आदळून बाद झाली. महिनाभराच्या आसपास मालकांनी लांब पल्ल्याच्या जागतिक मालिकेतून संघ काढूनही घेतला. मालकाच्या मनात आलं की संघ उभा राहतो, मनातून उतरला की गुंडाळला जातो.

त्याच वर्षी फॉर्म्युला थ्रीमध्ये प्रेमा संघाचे तीन ड्रायव्हर पहिल्या तीन क्रमांकांवर आले. श्वार्ट्झमन विजेता, न्यूझीलंडचा मार्कस आर्मस्ट्राँग दुसरा आणि आपल्या मुंबईचा जेहान दारुवाला तिसरा. मराठी वाचकाला या मुलाची ओळख द्यायला याहून जवळचा धागा कोणता हवा होता? २०२१ मध्ये फॉर्म्युला टूत श्वार्ट्झमन दुसरा, पियास्त्री पहिला, झोऊ ग्वान्यू तिसरा. तिसऱ्याला लगेच फॉर्म्युला वनची जागा मिळाली, पहिल्याला वर्षभर थांबून. दुसरा फेरारीच्या चाचण्यांतच अडकला.

मग युक्रेनवरचं आक्रमण. मार्च २०२२ मध्ये एफआयए या मोटार शर्यतींच्या जागतिक संघटनेने रशियन ड्रायव्हरांना तटस्थ म्हणून, विशिष्ट अटींवर सही करून खेळायची मुभा दिली. एसएमपीला त्या अटी मान्य नव्हत्या. त्यांनी आपले ड्रायव्हर आंतरराष्ट्रीय शर्यतींतून मागे घेतले. युद्ध रशियाने लादलं, त्याची किंमत रशियाने मोजायलाच हवी, याबद्दल मला शंका नाही. पण सही करायची की नाही हा निर्णय ज्याने घ्यायला हवा, तो त्याच्या आश्रयदात्याने परस्पर घेतला, हे खटकतं. श्वार्ट्झमनकडे जन्मामुळे दुसरी वाट होती. त्याच वर्षी अमेरिकेत ऑस्टिनला तो फेरारीतून फॉर्म्युला वनच्या सरावात उतरला तो इस्रायली परवान्यावर. ज्यांच्याकडे तशी वाट नव्हती, त्यांची नावं आता आपल्या पानावर येत नाहीत. (इंडियानापोलिसची शर्यत त्याला लाभली नाही, ते वेगळं. पिटमध्ये, म्हणजे गाडी थांबवून टायर-इंधन घ्यायच्या जागी, ब्रेक लॉक होऊन गाडी स्वतःच्याच मेकॅनिकांवर गेली आणि तो बाद झाला.)

आमच्या कोल्हापूरच्या ट्रॅकवर कार्टिंगच्या राष्ट्रीय फेऱ्या होतात. तिथे हेल्मेट घातलेला दहा-बारा वर्षांचा पोरगा कार्टमध्ये आणि वडील कठड्याशी, एका हातात स्टॉपवॉच, दुसऱ्या हातात टायरची हवा मोजायचं गेज. यापुढचा खर्च एकट्या घराच्या आवाक्यातला नसतो. तो कुणीतरी उचलावा लागतो, आणि उचलणारा स्वतःच्या अटी घेऊन येतो. म्हणून विनंती एवढीच, की दारुवाला किंवा बेंगळुरूचा ड्रायव्हर कुश मैनी यांची बातमी छापाल तेव्हा त्यांना कोणत्या स्पर्धेने घडवलं आणि त्यांच्यामागे पैसा कुणाचा, हेही एखाद्या ओळीत द्यावं. क्रिकेटच्या लिलावाला अर्धं पान मिळतं, त्यातून एवढी जागा निघू शकेल.

कळावे,
आपला एक नियमित वाचक,
कोल्हापूर