ज्या सामन्यात कोणी कोणाला पाडत नाही

ग्रीन बे, विस्कॉन्सिन
4 फेब्रुवारी 2025

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा व्हिडिओ कॉलवर माझ्या मागचा टीव्ही बघून तुम्ही विचारलंत, "हे लोक खेळताहेत की चेष्टा चाललीय?" मी तोंड उघडलं, तेवढ्यात आईने गुडघ्याचा विषय काढला आणि उत्तर राहूनच गेलं. प्रश्न चोख होता. इथल्या कितीतरी लोकांनाही तो पडतो. आज मला सुट्टी आहे, बाहेर बर्फ आहे, म्हणून सगळं बैजवार लिहिते. (आई, गुडघ्याचं शेवटी लिहिलंय, आधी तिकडे उडी मारू नकोस.)

मी रेकॉर्डिंग लावून बघत होते तो प्रो बोल. एनएफएल या इथल्या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये 32 संघ आहेत आणि त्यांचे दोन गट, एनएफसी आणि एएफसी. दरवर्षी दोन्ही गटांतून सर्वोत्तम खेळाडू निवडतात आणि त्यांचा एक प्रदर्शनीय सामना होतो. निवडीत प्रेक्षक, खेळाडू आणि प्रशिक्षक या तिघांच्या मतांना सारखंच वजन. निकालाने कुणाचं काही बनत-बिघडत नाही. यंदा ऑर्लँडोत झाला, एनएफसी 76-63 ने जिंकली, आणि आज मंगळवारी दवाखान्यातल्या कुणाला विचारलं तर हा आकडा सांगता येणार नाही.

पण त्याच लोकांना 1967 च्या 31 डिसेंबरला आमच्या मैदानावर काय झालं ते मिनिटामिनिटाने पाठ आहे. त्या दिवशी इतकी थंडी होती की सामन्याला नावच 'आइस बोल' पडलं. तुम्ही आलात तेव्हा हंगाम नव्हता, त्यामुळे लॅम्बो फील्ड तुम्ही रिकामं बघितलंत. एरवी लाखभर वस्तीच्या या गावात सामन्याच्या दिवशी रस्त्यावर दुसरं काही दिसतच नाही. पॅकर्स या आमच्या गावच्या संघाला मालक नाही. 1923 पासून तो लोकांचा आहे, पाच लाखांवर भागधारक आहेत. त्या शेअरवर लाभांश मिळत नाही, बाजारात तो विकता येत नाही, तरी लोक त्याचा कागद फ्रेम करून दिवाणखान्यात लावतात. हंगामाच्या तिकिटांसाठी लाखाहून जास्त नावं रांगेत आहेत, आणि पोर जन्मलं की लगेच त्याचं नाव रांगेत घालणारे आईबाप माझ्याच पेशंटांमध्ये आहेत. आणि शिकागो बेअर्स! 1921 पासूनचं वैर आहे. ऑपरेशननंतर पहिल्यांदा पावलं टाकायला शिकवताना एखादा पेशंट बेअर्सची टोपी घालून आला, तर शेजारच्या खाटेवरचा म्हातारा त्याला पडू दे म्हणतो. चेष्टेत, पण अगदीच चेष्टेत नाही.

आता गंमत बघा. पॅकर्स आणि बेअर्स दोघेही एनएफसीत. म्हणजे वर्षभर ज्याच्या नावाने बोटं मोडली, तो प्रो बोलमध्ये आपल्या माणसाच्या शेजारी उभा. त्याने झेल घेतला की टाळी वाजवायची. ऑल-स्टार, म्हणजे निवडक खेळाडूंच्या, सामन्याची सगळी ओढ मला वाटतं इथेच आहे. चांगला खेळ तर दर रविवारी बघायला मिळतोच, पण वैऱ्यांना एका बाजूने बघायला एरवी मिळत नाही.

बाबा, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. संयुक्त मानापमानाची गोष्ट तुम्ही इतक्यांदा सांगितली आहे की मीच तेव्हा तिथे हजर होते असं वाटतं. 8 जुलै 1921, मुंबईचं बालीवाला थिएटर, टिळक स्वराज्य फंडासाठी खेळ. गंधर्व मंडळी आणि ललितकलादर्श, दोन कंपन्यांची चुरस, आणि त्या रात्री बालगंधर्वांची भामिनी आणि केशवराव भोसल्यांचा धैर्यधर एकाच रंगमंचावर. तीनच महिन्यांनी केशवराव गेले. शंभर वर्षं झाली तरी त्या रात्री कोण सरस ठरलं यावर तुमची आणि काकांची जुंपते. तो आपला ऑल-स्टार सामनाच होता, आणि त्या रात्री कोणी हात राखून गायलं असं तुम्ही कधी म्हणाला नाहीत. गाण्यात तेवढी सोय आहे. तान कितीही जोरात घेतली तरी समोरच्याचा गुडघा निखळत नाही.

फुटबॉलची गोची तिथेच आहे.

या सामन्यांची सुरुवात मोठ्या हौसेने झाली. 'शिकागो ट्रिब्यून'चा क्रीडा संपादक आर्च वॉर्ड याने 1933 मध्ये, शिकागोत जागतिक प्रदर्शन भरलं होतं तेव्हा, बेसबॉलचा पहिला ऑल-स्टार सामना भरवला. बेब रूथने त्यात होम रन मारली. पुढच्याच वर्षी वॉर्डने फुटबॉलमध्ये तोच घाट घातला: कॉलेजातून नुकतेच बाहेर पडलेले निवडक तरुण विरुद्ध एनएफएलचा विजेता संघ, पैसे धर्मादाय कामाला. पहिला सामना 0-0 असा सुटला, पण शिकागोच्या सोल्जर फील्डवर गर्दी जवळजवळ ऐंशी हजारांची होती.

आमच्या शेजारच्या आजोबांचा जीव अडकलाय तो 1963 च्या सामन्यात. पॅकर्स लागोपाठ दोन वर्षं विजेते, प्रशिक्षक विन्स लोम्बार्डी. सुपर बोलचा, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्याचा, चषक आज ज्याच्या नावाने देतात तोच हा. समोर कॉलेजची पोरं. त्यांचा क्वार्टरबॅक रॉन व्हँडरकेलन, म्हणजे चेंडू फेकून चाल रचणारा, हा आमच्याच ग्रीन बेचा. एनएफएलच्या एकाही संघाने निवडीच्या वेळी त्याचं नाव घेतलं नव्हतं. त्याने विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या आपल्याच जोडीदाराला, पॅट रिक्टरला, पास दिला आणि 74 यार्डांचा टचडाऊन झाला. पोरं 20-17 ने जिंकली! आजोबा तेव्हा शाळेत होते. ते सांगतात, त्या रात्री घरात कोणी जेवलं नाही आणि त्यांचे वडील मात्र "पोरगा आपल्या गावचा आहे" असं हळूच दोनदा म्हणाले.

त्यानंतर कॉलेजवाले कधीच जिंकले नाहीत. क्लबांनाही लाखो डॉलर मोजून घेतलेला नवा खेळाडू असल्या सामन्यात जायबंदी करून घ्यायची इच्छा उरली नाही. 1976 मध्ये पिट्सबर्ग स्टीलर्स 24-0 ने पुढे असताना वादळी पाऊस आला, लोक मैदानात घुसले, गोलपोस्ट पाडले, आणि तो सामना तिसऱ्या सत्रातच थांबला. परत कधी झालाच नाही.

प्रो बोल टिकला तो हवाईमुळे. 1980 ते 2009 दरवर्षी होनोलुलूच्या अलोहा स्टेडियममध्ये. निवड झाली की बायकापोरांना घेऊन समुद्रावर जायचं, एक दिवस खेळायचं. जिंकणाऱ्यांना हरणाऱ्यांच्या दुप्पट पैसे, पण तेवढ्यासाठी कोण हाडं मोडून घेणार? नियमही मवाळ केले: चेंडू फेकणाऱ्यावर सगळ्यांनी मिळून धावून जायचं नाही, किकच्या वेळी झडप घालायची नाही. हळूहळू माणसं एकमेकांना नुसती मिठी मारून थांबू लागली. 2012 मध्ये निकाल 59-41 लागला आणि हवाईच्या प्रेक्षकांनी चक्क हुर्यो उडवली. आमचा ॲरन रॉजर्स त्या सामन्यात होता, आणि आपल्याच बाजूच्या काहींनी लाज आणली असं तो नंतर उघड बोलला.

आणि एक जण मात्र खरंच खेळला होता. शॉन टेलर, वॉशिंग्टनचा सेफ्टी, म्हणजे बचावात सगळ्यात मागे उभा राहणारा. 2007 च्या प्रो बोलमध्ये बफेलोचा पंटर ब्रायन मूरमन हुलकावणी देऊन चेंडू घेऊन पळाला. पंटर म्हणजे लाथेने चेंडू लांब धाडणारा, त्याला एरवीही फारसं कोणी आपटत नाही. टेलरने त्याला असा धडकवला की तो अक्षरशः हवेत गेला. मूरमन उठला, धडधाकट होता. ती चित्रफीत मी पहिल्यांदा बघितली तेव्हा फिजिओ म्हणून मला धडकी भरली आणि प्रेक्षक म्हणून मी हसले, दोन्ही एकदम. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मायामीतल्या घरात घुसलेल्या चोरांनी टेलरला गोळी घातली. चोवीस वर्षांचा होता. पुढच्या प्रो बोलमध्ये एनएफसीने बचावाची पहिली चाल अकराऐवजी दहाच जणांनी खेळली आणि त्याची जागा मोकळी ठेवली. ज्या सामन्याला सगळे लुटुपुटूचा म्हणतात, त्यातला हा प्रसंग मला कुठल्याही अंतिम सामन्याइतका खरा वाटतो.

आता जे तुम्ही बघितलंत ते. 2023 पासून प्रो बोलमध्ये धडकाधडकी बंद. सात-सात जण, छोटं मैदान, कमरेला फडक्याच्या पट्ट्या लावलेल्या. पट्टी ओढली की माणूस पाडला असं धरायचं. याला फ्लॅग फुटबॉल म्हणतात आणि 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये तो असणार आहे, त्यामुळे लीगलाही जाहिरात हवीच आहे. शिवाय चेंडूने नेम धरणं, रस्सीखेच वगैरे शर्यती. यंदा दोन्ही बाजूंचे प्रशिक्षक पेटन आणि इली मॅनिंग हे सख्खे भाऊ होते, एकमेकांना टोमणे मारत उभे होते.

कारण दुखापतीचं सांगतात, आणि माझ्या धंद्यात मला ते पटतंही. पण रॉबर्ट एडवर्ड्सची कहाणी ऐका. न्यू इंग्लंडचा नवा खेळाडू, पहिल्याच हंगामात हजारावर यार्ड पळालेला. 1999 च्या प्रो बोलच्या आठवड्यात वाइकीकीच्या वाळूवर नवोदितांचा एक फ्लॅग फुटबॉलचा खेळ ठेवला होता. हाच, बिनधडकेचा. उडी मारून खाली येताना गुडघा असा गेला की पाय कापावा लागेल का, इथवर गोष्ट आली. तो चालला, पळाला, 2002 मध्ये मायामीकडून परत खेळलासुद्धा. त्या पुनर्वसनात कोणीतरी माझ्यासारखं रोज त्याच्यापुढे बसून पाय हलवून घेत असणार, हे माझ्या डोक्यातून जात नाही. आणि 2023 मध्ये, पहिल्याच 'सुरक्षित' वर्षी, माइल्स गॅरेटच्या पायाचं बोट निखळलं ते अडथळ्यांच्या शर्यतीत. शरीर कुठे मोडेल ते सांगता येत नाही.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. फ्लॅगमध्ये लाइनमनना काही कामच उरत नाही. दीडदीडशे किलोचे, दर चालीत पहिला धक्का खाणारे हे गडी, यांच्याशिवाय एकही सामना जिंकता येत नाही, आणि वर्षभराच्या कौतुकाच्या दिवशी त्यांच्या हातात रस्सी देतात. निवडीतही पाणी फार घालतात. सुपर बोलला पोचलेल्या संघांचे खेळाडू येत नाहीत, काहींना दुखापती, काहींना कंटाळा, मग पर्यायी, मग पर्यायाचा पर्याय. 2022 च्या हंगामात चारच सामन्यांत सुरुवातीपासून खेळलेला क्वार्टरबॅक टायलर हंटली असाच निवडला गेला. यावर इथे अजून विनोद होतात.

तरीही मी बघते. का, तर चेहरे दिसतात म्हणून. एरवी हेल्मेट, जाळी, खांद्यावरची चिलखतं, यात माणूस नुसता नंबर असतो. रविवारी मात्र डोकी उघडी. कोणाला टक्कल पडलंय, कोण लाजतो, कोणाची लहान मुलगी रेषेबाहेरून बाबाला हाका मारतेय. आमचा संघ जानेवारीतच फिलाडेल्फियाकडून 22-10 असा बाहेर पडला होता, त्यामुळे त्यांच्या खेळाडूंना शिव्या द्यायला मी टपले होते. ते तर सुपर बोलच्या तयारीत, आलेच नव्हते. मग बेअर्सवाल्यालाच टाळी दिली.

याच सुमारास अजून दोन सामने होतात, कॉलेजातून बाहेर पडणाऱ्यांचे. अलाबामातल्या मोबील गावचा सीनियर बोल, जिथे सामन्यापेक्षा आठवडाभराच्या सरावाला महत्त्व, कारण संघांचे पारखी वही घेऊन बसलेले असतात. आणि ईस्ट-वेस्ट श्राइन, 1925 पासूनचा, गेल्या आठवड्यात त्याचा शंभरावा झाला. त्याचे पैसे मुलांच्या हाडा-सांध्यांच्या रुग्णालयांना जातात. तिथे पोरं जीव तोडून खेळतात, कारण त्यांची नोकरी अजून लागायची आहे.

त्या नोकऱ्या वाटण्याचा कार्यक्रम, ड्राफ्ट, यंदा 24 ते 26 एप्रिल आमच्या गावात आहे, लॅम्बोच्या दारात. हॉटेलांच्या खोल्या आत्ताच मिळेनाशा झाल्यात. तुमचा व्हिसा अजून चालू आहे. विचार करा. मागची खोली मी कोणाला भाड्याने देत नाहीये, शेजारचे देताहेत.

आई, तुझा गुडघा. खुर्चीत टेकून बस, पाय समोर सरळ कर, मनात पाच मोज, सावकाश खाली आण. दोन्ही पायांनी, दहा-दहा वेळा, सकाळी आणि संध्याकाळी. दुखतं म्हणून बंद करायचं नाही, पण सूज आली तर मला त्याच दिवशी फोटो पाठव. देवळाच्या पायऱ्या सध्या बंद. देव खालूनही बघतो, असं तूच आजीला सांगायचीस.

सुपर बोल येत्या रविवारी, न्यू ऑर्लिन्सला, फिलाडेल्फिया आणि कॅन्सस सिटी. तुमच्याकडे सोमवारची पहाटे पाचची वेळ. बाबा, तुम्ही उठलेले असताच, फिरायला जायच्या आधी थोडा वेळ लावून बघा. तिथे खरोखर पाडतात. आणि एप्रिलचं जमलं तर भडंग दोन डबे आणा, शेजारच्या आजोबांनी मागच्या वेळी डोळे पुसत-पुसत सगळा संपवला होता.

तुमची लेक